जास्तीचे दोन छर्रे

मित्रांनो, मी गोंदियाजवळच्या मुर्री गावातल्या शामकलाबाईची जुनी मोटरसायकल. जुनी म्हटलं की तुम्ही लगेच माझ्या गंजाकडे बघणार, सीटच्या फाटक्या रेक्झिनकडे बघणार. बघा, पण हात लावू नका. बावीस वर्षांत ज्याने त्याने मला हात लावला आणि जाताना काहीतरी घेऊनच गेला. एकाने आरसा नेला, एकाने पेट्रोल, एकाने बाजूच्या डब्यातला पाना. म्हणून मी माणसाचा आधी संशय घेते, त्याचं नाव मागाहून विचारते.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. ठोकाठोक, रंगाचा वास, मग ट्रकमधला अंधार आणि अंगाला बांधलेला पुठ्ठा. गोंदियाच्या दुकानात उतरले तेव्हा पहिलं माणूस दिसलं ते श्यामलालभाऊ. तो तीन दिवस येऊन नुसता बघून गेला. चौथ्या दिवशी बायकोला घेऊन आला. शामकलाबाईने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या, टाकीवर बोटाची गाठ वाजवली आणि दुकानदाराला विचारलं, "आत लोखंडच आहे ना बापा? का वरून रंग अन् आतून डबडं?"

दुकानदार हसला. मी नाही हसले. मला ती बाई तेव्हाच आवडली.

त्या काळी मुर्रीत मी तिसरी मोटरसायकल. लोक मला बघायला यायचे. लग्नाची बोलणी करायला जाताना शेजारी मला मागून न्यायचे, आणि मी दारात उभी राहिले की पोरीच्या बापाचा आवाज आपोआप मऊ व्हायचा. शामकलाबाई मला कोणाला सहज द्यायची नाही. दिलीच तर परत आल्यावर खालून वरून तपासायची, जशी सासरहून आलेली लेक तपासावी.

पण मिरवणं थोडं आणि कष्ट जास्त, असंच माझं आयुष्य गेलं. रोवणीच्या दिवसांत परे वाहायचं काम माझ्याकडे. धानाच्या कोवळ्या रोपांच्या ओल्या पेंढ्या दोन्ही हॅन्डलला लटकवायच्या, मागे आणखी बांधायच्या, आणि बांधीच्या धुऱ्यावरून, भातखाचराच्या बांधावरून, धडाड धडाड जायचं. एकेक पेंढी म्हणजे भिजलेल्या पोत्याचं वजन. ते सगळं वजन येऊन बसायचं माझ्या मानेवर. संध्याकाळी मला नहरात उभी करून धुवायचे. चिखल जायचा, पण पाणी मानेत शिरायचं आणि तिथेच राहायचं. हे कोणाला दिसत नव्हतं. मलाही तेव्हा कळत नव्हतं.

आता मान म्हणजे काय ते सांगते. हॅन्डलच्या खाली माझ्या सांगाड्यात एक नळी आहे. तिच्या वरच्या तोंडाला एक लोखंडी वाटी, खालच्या तोंडाला एक. प्रत्येक वाटीत ग्रीस आणि ग्रीसमध्ये गोल छर्रे. त्या छर्ऱ्यांवर हॅन्डल डावी-उजवीकडे फिरतं. मेकॅनिक लोक या सगळ्याला कोन सेट म्हणतात. इंजिनाची सगळे चौकशी करतात. मानेची कोणी करत नाही.

आठ वर्षांपूर्वी श्यामलालभाऊ गेला. मुलगा भुपेंद्र नागपूरला कंपनीत लागला आणि मी सपरीत, घराच्या पडवीत, एका कोपऱ्यात उभी राहिले. अंगावर प्लास्टिक, सीटवर कोंबड्या. एका कोंबडीने माझ्या सीटखाली अंडी घातली तेव्हा मला वाटलं, झालं, आता आपण खुराडंच. शामकलाबाई मात्र रोज सकाळी अंगण झाडताना माझ्यावरून फडका मारायची. बोलायची काही नाही. फडका मारून पुढे जायची.

मग भूमिका सून म्हणून आली. बिरसीची पोर. तिने पहिल्याच महिन्यात प्लास्टिक ओढून काढलं, कोंबड्या हाकलल्या आणि मला किक मारली. सोळाव्या किकेला मी सुरू झाले. तिला वाटलं मी खूश झाले. मी मनात म्हटलं, हिला माझ्याकडून काय पाहिजे?

पाहिजे होतं ते यंदा कळलं. बिरसीच्या रस्त्यावरच्या एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर तिला काम मिळालं. सोमवारी नऊ वाजता हजर व्हायचं. त्या वेळेला मुर्रीहून तिकडे जायला काही साधन नाही. म्हणजे मीच.

शामकलाबाईने ऐकलं आणि तांदूळ निवडणं थांबवलं नाही.

"बिरसीच्याच रस्त्यावर काऊन?"

"मिल तिथं आहे म्हणून, आत्याबाई."

"मिल तिथं आहे, अन् तुझी मायही तिथंच आहे. काटा राहते बाजूले, अन् चहा होते मायच्या सपरीत."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. या वयात मला रोज कोणाला माहेरी पोचवायची हौस नव्हती.

त्यातच माझी मान गेली. हॅन्डल सरळ धरलं की मधोमध एका खड्ड्यात बसल्यासारखं खटकन बसायचं. वळवायला जोर लावला की एकदम सुटायचं. पुढचा ब्रेक दाबला की टक् आवाज. नहराच्या पुलावर भूमिका एकदा पडता पडता वाचली, तेव्हा सासू-सून दोघी मला ढकलत गोंदियाला छोटेलाल मेकॅनिककडे घेऊन गेल्या. त्याने पुढचं चाक उचललं, हॅन्डल हलवलं, मान डोलावली.

"कोन सेट गया, अम्माजी. गाडी यहीं छोड़ दो. कल शाम को ले जाना."

"कल शाम तक इसका क्या-क्या निकालेगा, वो भी बता दे."

"अरे अम्माजी, भरोसा नहीं है क्या?"

"भरोसा है. इसीलिए तो पूछ रही हूँ."

छोटेलाल बिचारा सरळ माणूस होता, हे आज मी म्हणू शकते. तेव्हा शामकलाबाईने मला परत ढकलत घरी आणलं आणि मला तिचा अभिमान वाटला. जे खोलायचं ते डोळ्यांसमोर खोलायचं, हा तिचा नियम. दळण दिलं तरी ती चक्कीवर पीठ होईपर्यंत उभी राहते.

वाटेत भूमिका म्हणाली, "घरीच बदलू ना, आत्याबाई. बाबाच्या सायकल दुकानात मी कितीक वाट्या-छर्रे बसवले."

"सायकल अन् मोटरसायकल एकच काय वो?"

"मान सारखीच राहते. ही जाड आहे, एवढंच."

आम्ही घरी पोचलो तेवढ्यात फुलचूर गावाहून घनश्याम आला. हा श्यामलालभाऊचा धाकटा भाऊ. माझ्यावर त्याचा डोळा पाच वर्षांपासून आहे. आला की आधी माझ्या इंजिनावर हात ठेवतो, मग वहिनीच्या पाया पडतो.

"वैनी, हे आता गाडी नाही राहिली. मले दे. इंजिन काढतो अन् धान उडवायच्या पंख्याले लावतो. दादाचं नाव राहीन."

"दादाचं नाव पंख्यावर लिहिणार काय?"

"लिहीन ना! मोठ्या अक्षरात."

"तुझं नाव तू कधी लिहिलंस, ते आधी सांग."

तोंडाने ती असं बोलली, पण रात्रीचं जेवण वाढताना तिने निकाल दिला. रविवारी सूनबाईने माझ्या मानेचं काम करावं. हॅन्डल सरळ झालं तर सोमवारी मिल. नाही झालं तर घनश्याम मला घेऊन जाईल, सून घरी राहील, आणि या विषयावर पुन्हा कोणी बोलायचं नाही.

मित्रांनो, पंखा! बावीस वर्षं चालून चालून शेवटी एका जागी बसून भुसा उडवायचा. मी त्या रात्री ठरवलं की भूमिकेच्या प्रत्येक हालचालीवर लक्ष ठेवायचं. कारण मला एक वेगळाच संशय आला होता. ही पोर मला मुद्दाम बिघडवेल, घनश्यामच्या गळ्यात बांधेल आणि नवऱ्याकडे नव्या स्कूटीचा हट्ट धरेल. असं होतं घरोघर.

गोंदियाहून आणलेला नवा कोन सेट घेऊन रविवारी सकाळी अंगणात काम सुरू झालं. शामकलाबाई खाट ओढून बरोबर समोर बसली. घनश्यामही आला, दोर घेऊनच आला, मला बांधून न्यायला. भूमिकेने माझ्या पोटाखाली लाकडाचा ठोकळा घातला, पुढचं चाक काढलं, दोन्ही शॉकअप काढले, हेडलाइट वायरांसकट बाजूला टांगला. मग हॅन्डल सुटलं. खाली तिने जुनी परात ठेवली आणि वरचा मोठा नट फिरवला. माझ्या मानेतली दांडी हळूच खाली सरकली आणि छर्रे परातीत टपाटपा पडले. काळे, तांबूस, काही तर अर्धे झिजलेले. ग्रीसचा पत्ता नव्हता. नुसतं गंजाचं पाणी.

"पाहा, आत्याबाई." तिने जुनी वाटी बोटाने पुसून दाखवली. वाटीत ओळीने बारीक खड्डे पडले होते, मोहरीच्या दाण्याएवढे. "यात छर्रे बसून राहतात, म्हणून हॅन्डल अडकते."

"कोणी केलं हे?"

"धुऱ्यावरून परे वाहिले ना, त्यानं."

परे लटकवायची शामकलाबाई स्वतः. श्यामलालभाऊ म्हणायचा, एक पेंढी कमी ठेव. ती म्हणायची, एका फेरीत होते ते दोनदा कायले?

भूमिकेने लांब सळी आतून घालून जुन्या वाट्या ठोकून काढल्या. एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने, म्हणजे वाटी वाकडी होऊन अडकत नाही. नव्या वाट्या बसवताना वर जुनी वाटी उलटी ठेवून मगच हातोडा मारला. हे सगळं मी बघत होते आणि मला कुठे चूक सापडत नव्हती. याचा मला जास्तच राग आला.

मग छर्रे. नव्या पुडीतले छर्रे शामकलाबाईने आधीच ताटात मोजले होते. चव्वेचाळीस. भूमिकेने दांडीच्या बुडाशी असलेल्या खालच्या कोनावर, म्हणजे उतरत्या लोखंडी कड्यावर, ग्रीस चोपडलं आणि एकेक छर्रा चिकटवला. एकवीस. वरच्या वाटीत ग्रीस भरलं, त्यातही एकवीस. दोन राहिले. ते तिने कागदात गुंडाळून बाजूला ठेवले.

खाटेवरून आवाज आला, "ते दोन काऊन ठेवले?"

"तेवढेच लागतात. थोडी जागा ठेवावी लागते, आत्याबाई. छर्रे फिरले पाहिजेत."

"पुडीत दिले ते लागत नाहीत? दुकानदार काय धर्मादाय वाटून राहिला?"

घनश्याम हसला. "वैनी, कारीगर लोक असंच उरवतात. मग विकतात."

भूमिकेने त्याच्याकडे बघितलंही नाही. "चहा ठेवतो मी," एवढं म्हणून ती आत गेली. घनश्याम तंबाखू चोळत फाटकाकडे गेला, रस्त्यावरून जाणाऱ्या कोणाशी तरी बोलत उभा राहिला.

आता ऐका. शामकलाबाईच्या घरून मजुराला धान पायलीने मापून जातं आणि पायलीला शीग, म्हणजे काठावर चढलेली रास, असल्याशिवाय जात नाही. सपाट पायली दिली तर तिला आपल्या घराची इज्जत गेल्यासारखं वाटतं. अख्ख्या मुर्रीत हे तिचं नाव आहे. आणि इथे तिच्या समोर, तिच्या नवऱ्याच्या गाडीच्या मानेत, सून सपाट माप भरून गेली होती. वर दोन छर्रे शिल्लकही ठेवले होते.

ती खाटेवरून उठली. कागद उघडला. एक छर्रा खालच्या कोनावर दाबला. जागा थोडीच होती, पण ग्रीसने आत घेतला. दुसरा वरच्या वाटीत कोंबला. अंगठ्याने दाबून दाबून बसवला. मग रिकामा कागद होता तसा गुंडाळून ठेवला, हात पदराला पुसले आणि पुन्हा खाटेवर येऊन बसली, जणू काही हललीच नव्हती.

आणि मित्रांनो, मी काय केलं? मला बरं वाटलं. मी म्हटलं, बघा, घरचं माणूस ते घरचं माणूस. परकी पोर हात आखडते आणि आपली मालकीण भरभरून देते.

चहा झाला. भूमिकेने परत येऊन दांडी वर सरकवली, नट बसवला, सगळं जोडलं. हॅन्डल फिरवून बघितलं आणि तिच्या कपाळावर आठी आली. जड होतं. तिने नट थोडा सैल केला. तरी जड. पुन्हा सैल केला तर मान खडखडू लागली.

"नवं सामान आहे, बसेल," ती स्वतःशीच म्हणाली. पण तिच्या आवाजात खात्री नव्हती.

तिने मला सुरू केलं आणि रस्त्यावर काढलं. पहिली शंभर पावलं मी सरळ गेले, कारण सरळच जायचं होतं. मग खळ्याजवळचं वळण आलं. तिने हॅन्डल डावीकडे घेतलं आणि ते तिथेच राहिलं. जास्तीचा छर्रा दुसऱ्या छर्ऱ्यावर चढून बसला होता. माझ्या मानेत असं काही आवळलं गेलं की तिने दोन्ही हातांनी ओढलं तरी मी वळेना. मी तशीच फिरत गेले आणि धानाच्या पुंजण्यात, रचलेल्या भाऱ्यांच्या ढिगात, घुसले. पुंजणा होता म्हणून निभावलं. त्या जागी विहीर असती तर ही गोष्ट सांगायला मी नसते आणि ऐकायला तीही नसती.

भूमिका उठली. कोपर सोललं होतं, केसांत तणसाच्या काड्या. घनश्याम पळत आला, पण तिला उचलायला नाही. त्याने आधी मला उचललं.

"मी म्हटलो नव्हतो? पोरीच्या हातचं काम! वैनी, दोर आणू?"

भूमिका माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "माझ्याच हातून चुकलं असेल. वाटी नीट बसली नसेल." तिने सोललेलं कोपर ओढणीने दाबलं आणि दुसऱ्या हाताने फोन काढला. "मिलमध्ये सांगून देतो. उद्या येत नाही म्हणून."

शामकलाबाई फाटकातून चालत येऊन चार पावलांवर उभी होती. तिचा चेहरा मी बावीस वर्षं बघते आहे. नवरा गेला त्या दिवशीसुद्धा लोकांपुढे तो हलला नव्हता. आता मात्र ओठ एकदा उघडले आणि मिटले. घनश्यामने दोर आणून माझ्या शॉकअपला गुंडाळायला घेतला. मला एकच गोष्ट माहीत होती आणि ती मी बोलू शकत नव्हते. बोलू शकणारी एकच बाई होती. तिने बोलावं असं मला वाटत होतं, आणि ती बोलणार नाही याची मला खात्री होती. या घरात ती चुकली असं कोणी ऐकलेलं नाही.

"फोन ठेव," ती म्हणाली.

"आत्याबाई, ते मॅनेजर..."

"ठेव म्हटलं ना! अन् घनश्याम, तो दोर सोड." ती पुढे आली. "ते दोन छर्रे मी घातले. एक वर, एक खाली. तू चहाले गेली तेव्हा."

खळ्यावर कोणीतरी मळणीयंत्र सुरू केलं आणि बंद केलं.

"काऊन, आत्याबाई?" भूमिकेचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"मले वाटलं तू उरवून राहिली. माप कमी भरलं वाटलं." मग तिचा नेहमीचा आवाज परत आला. "मले काय माहीत वाटीत शीग चालत नाही म्हणून!"

घनश्याम असा हसला की त्याला माझाच आधार घ्यावा लागला. "वैनी! छर्ऱ्याले शीग! फुलचूरभर सांगतो हे!"

"सांग. पायी जाऊन सांग. पण गाडीवरचा हात काढ."

संध्याकाळ व्हायच्या आत मला पुन्हा खोललं. या वेळी शामकलाबाई खाटेवर बसली नाही, खाली बसली. भूमिकेने वाटी समोर धरली आणि म्हणाली, "तुम्हीच काढा." बाईने ग्रीसमध्ये बोट घातलं आणि एक छर्रा उचलला. सगळे छर्रे आपोआप थोडे सरकले, मोकळे झाले. तिने ते बघितलं. मग खालचाही काढला.

सगळं जोडून झाल्यावर भूमिकेने मला ठोकळ्यावर ठेवून पुढचं चाक अधांतरी केलं आणि हॅन्डलला एका बोटाने टिचकी दिली. हॅन्डल आपल्याच वजनाने डावीकडे कललं. पुन्हा टिचकी, उजवीकडे. मध्ये कुठे अडलं नाही, कुठे खडखडलं नाही. शामकलाबाईने ते स्वतः सात वेळा करून बघितलं. संशय ना! सात वेळा, आणि सातही वेळा मी बरोबर वागले.

सोमवारी आठ वाजता भूमिका मला घेऊन निघाली. फाटकात शेजारची मंजू झाडू घेऊन उभीच होती. तिला सगळ्यांची खबर लागते.

"सकाळी सकाळी बिरसीले काऊन? माहेरी चालली काय सून?"

माझा जीव टांगणीला लागला. शामकलाबाई असल्या प्रश्नावर काय बोलते ते मला माहीत आहे. आणि बाजूला सून ऐकत उभी.

"कामाले चालली. वाटेत माय भेटली तर भेटीन," शामकलाबाई म्हणाली. मंजू तोंड उघडून काही विचारणार तेवढ्यात तिने पुढचंही सांगून टाकलं. "गाडी तिनंच खोलली, तिनंच बसवली. मधात मी बिघडवली होती."

मंजूच्या हातातला झाडू तसाच राहिला. भूमिकेने क्लच सोडला आणि मी वळणावर आले. तिने वळायचं नुसतं मनात आणलं असेल, तेवढ्यात मी वळले.

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादी जुनी गाडी असेल. इंजिनाचं तेल तुम्ही बघालच, तेवढी अक्कल सगळ्यांना असते. वर्षातून एकदा तिचं पुढचं चाक उचलून हॅन्डल एका बोटाने हलवून बघा. अडत असेल तर तिची मान दुखते आहे, असं समजा. धुताना पाण्याची धार तिथे मारू नका, हॅन्डलला ओझं लटकवू नका, आणि नवं ग्रीस भरायला कंजूषी करू नका. आणि घरात कोणी ती खोलायला बसलं, तर जो खोलतो त्याच्यावर एक डोळा ठेवा, पण समोर खाटेवर बसून बघणाऱ्यावर दोन्ही ठेवा.